खारबांदिस्तीतील चरावर गळाने मासेमारी : एका दिवसाचा पाठ

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल खाडीच्या काठी आरोंदा हे गाव वसले आहे. खाडीच्या पलीकडे गोव्यातील किरणपाणी आहे. सह्याद्रीत उगम पावून बांद्यावरून येणारी ही नदी येथे रुंद होते व पुढे तेरेखोल किल्ल्याजवळ समुद्रास मिळते. दिवसातून दोन वेळा भरतीचे खारे पाणी आत चढते. खाडीकाठच्या ज्या सखल जमिनीस खाजण म्हणतात, तीत भात घ्यावयाचे तर बांध घालून हे पाणी अडवावे लागते. बांधाच्या आत पावसाचे पाणी वाहून नेणारा मोठा चर असतो आणि तो उघाडीपाशी, म्हणजे बांधातील दाराच्या मोरीपाशी, येऊन मिळतो.

या चरात मासळी असते. भाताची कापणी झाल्यावर कार्तिकापासून चैत्र-वैशाखापर्यंत ती कुटुंबाच्या जेवणास उपयोगी पडते. मात्र ती कोणत्या रीतीने काढली जाते, यावर पुढील वर्षाची मासळी आणि पुढील वर्षाचे भात ही दोन्ही अवलंबून असतात. म्हणून गळाच्या साध्या मासेमारीचा विचार शेतीच्या पत्रिकेत करणे अप्रस्तुत नाही.

उघाडी, भात आणि मासळी

उघाडीचे दार अशा बेताने बसविलेले असते की, बाहेरचे पाणी चढले म्हणजे त्याच्या दाबाने ते मिटते आणि बाहेरचे पाणी ओसरले म्हणजे आतील पाण्याच्या दाबाने उघडते. दाराच्या फटीत दगड किंवा ओंडका अडकवून ठेवल्यास भरतीबरोबर मासळी आत येते हे खरे. परंतु तिच्याबरोबर खारे पाणीही येते. रोपाची अवस्था आणि फुलोऱ्याची अवस्था या दोन वेळी भात क्षारास अतिशय नाजूक असते. एका रात्री आत आलेले खारट पाणी मातीत मुरले तर ते धुऊन काढण्यास पुष्कळ पाऊस खर्ची पडतो. शिवाय अडकवलेल्या दाराखालून जोराने धावणारे पाणी मोरीच्या पायाची माती नेते आणि तेथूनच पुढे बांधास खांड पडते.

गोव्यात अशा मोरीस मानस म्हणतात. तेथील मासेमारीचा हक्क लिलावाने देऊन ते उत्पन्न बांधाच्या दुरुस्तीस लावण्याची जुनी पद्धत आहे. पद्धत चांगली, पण मासळीच्या लोभाने पाणी अवेळी आत घेतले गेल्यास शेतकऱ्याचे नुकसान होते, हा अनुभव तिकडेही आहे. गळाने मासे धरणाऱ्यास दारास हात लावावा लागत नाही. त्याला पाणी आहे तसेच पुरते.

दुसरा अपायकारक मार्ग विषाचा. रामेठ्याची साल, गेळफळ, चुना, ब्लीचिंग पावडर किंवा उरलेले कीटकनाशक चरात टाकले की मासे वर येतात. त्याबरोबर पिल्ले, कोळंबी आणि डासांच्या अळ्या खाणारे बारीक मासेही मरतात. कीटकनाशकाने मेलेला मासा खाणाऱ्याच्या पोटातही विष जाते. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच स्फोटके व विष यांनी मासे मारणे गुन्हा ठरविले होते आणि राज्याच्या पुढील कायद्यांचे धोरणही तेच आहे.

साहित्य

१. काठी : चिवारीची सरळ, वाळलेली, तीन ते साडेतीन मीटर लांबीची काठी घ्यावी. शेंडा लवचिक असावा.

२. दोरी : नायलॉनचा तंगूस. लहान माशांसाठी पाव मिलिमीटर जाडीचा पुरतो; तांबोशी व चोणक यांच्यासाठी त्याहून जाड लागतो. दोरी काठीएवढीच लांब ठेवावी, म्हणजे लागलेला मासा थेट हातात येतो.

३. गळ : कालुंदर व शेवटा यांचे तोंड लहान असते. त्यांना १० ते १२ नंबरचा गळ योग्य होय. नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात मागताना ध्यानात ठेवावे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. त्यामुळे सोडून द्यावयाचा मासा इजा न होता सुटतो आणि बोटात रुतलेला गळही सहज निघतो.

४. बूच : बाटलीचे बूच किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बोटाएवढा तुकडा तासून घ्यावा. मधून भोक पाडून दोरी ओवावी व काडीची पाचर मारावी, म्हणजे ते खालीवर सरकवता येते. वरचे टोक तांबडे रंगवावे.

५. वजन : शिशाची गोळी पाण्यात तुटून राहिल्यास विषारी ठरते. त्याऐवजी लहान लोखंडी नट किंवा वायसर बांधावा. बुचाचा वरचा तिसरा हिस्सा पाण्यावर राहील इतकेच वजन असावे.

आमिष

घरातील वस्तूंवर काम भागते. कणीक घट्ट मळून तीत कापसाचे थोडे तंतू मिसळावेत. त्यामुळे गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही. शेवाळ व गाळातील अन्न टिपणारा शेवटा, ज्यास उत्तरेकडे बोय म्हणतात, या गोळीस येतो. गोळी वाटाण्याहून मोठी नसावी.

गांडूळ गोड्या किंवा मचूळ पाण्यात उत्तम. खाऱ्या पाण्यात ते लवकर मरून लुळे पडते, म्हणून तेथे वारंवार बदलावे लागते. कालुंदर व शिंगटी त्यास येतात. सोललेल्या कोळंबीचा तुकडा खाऱ्या पाण्यासाठी सर्वांत भरवशाचा असून तांबोशी तोच पसंत करते. चोणक हा शिकारी मासा आहे; त्यास जिवंत कोळंबी लागते.

भरतीचा हिशेब

खाडीवर घड्याळापेक्षा तिथी उपयोगी पडते. तिथीच्या अंकास तीनने गुणून चारने भागले असता पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने निघते. उदाहरणार्थ, दशमीस दहा त्रिक तीस, भागिले चार, म्हणजे साडेसात. सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि रात्री आठच्या सुमारास पुन्हा भरती. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण असते व पाणी वेगाने धावते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो व पाणी संथ राहते. बुचाच्या मासेमारीस भांगाचे दिवस सोयीचे.

दिवसाचा क्रम

दशमीचा दिवस धरून चालू. पहाटे सहा वाजता चरावर पोहोचावे. या वेळी उघाडी मिटलेली असते व आतील पाणी स्थिर असते. प्रथम खोली पाहावी. आमिषाशिवाय दोरी टाकून बुचाकडे लक्ष द्यावे. बूच आडवे पडले तर वजन तळास टेकले आहे. ते उभे राहिले तर वजन अधर आहे. बूच थोडेथोडे सरकवून हा मेळ बसवावा. शेवट्यासाठी आमिष पाण्याच्या मध्यावर किंवा त्याहून वर ठेवावे, कालुंदरासाठी तळापासून वीतभर उंच.

चिमूटभर कोंडा भिजवून एकाच जागी टाकावा व तेथेच गळ सोडावा. पायांचा आवाज व पाण्यावर पडणारी सावली मासा लगेच ओळखतो, म्हणून सूर्य समोर ठेवून बसावे. शेवटा आमिष चाखतो तेव्हा बूच नुसते थरथरते. अशा वेळी थांबावे. बूच तिरके सरकू लागले की काठी मनगटाने हलकेच उचलावी. शेवट्याचे ओठ कोवळे असतात. झटका दिल्यास ते फाटतात. शिंगटी मात्र बूच सरळ खाली नेते.

साडेनऊ-दहाच्या सुमारास बाहेरचे पाणी उतरले की उघाडी उघडते व चरास ओढ लागते. प्रवाहाबरोबर अन्न उघाडीकडे जाते आणि मासेही तिकडे येतात. या वेळी मोरीपासून दहा-बारा पावले अलीकडे बसून कोळंबीचा तुकडा लावलेला गळ प्रवाहाबरोबर वाहू द्यावा व पुन्हा वर टाकावा. दिवसातील सर्वांत चांगली वेळ हीच. मोरीच्या तोंडावर उभे राहू नये. तेथील दगड शेवाळाने निसरडे असतात.

दुपारी पाणी सुकले म्हणजे विश्रांती घ्यावी. हाच वेळ बांधाची पाहणी करण्यास योग्य. खेकड्यांची बिळे, पाझर, दारात अडकलेला कचरा या गोष्टी सुकतीलाच दिसतात. त्या पाहून ठेवाव्यात व बांधाच्या व्यवस्थेत असलेल्यांस त्याच दिवशी कळवाव्यात.

सायंकाळी चारच्या सुमारास भरती चढत असते. आता बांधाच्या बाहेरच्या अंगास, तिवरांच्या कडेने, तांबोशी व चोणक शिकारीस निघतात. येथे जाड तंगूस व मोठा गळ लावावा. तिवरांची मुळे तोडून जागा मोकळी करू नये. पिल्लांचा आसरा तोच आहे आणि कांदळवनाची तोड कायद्याने निषिद्ध आहे. अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे.

काय ठेवावे, काय सोडावे

कालुंदराची जोडी अंडी व पिल्ले राखीत असते. पिल्लांच्या पुंजक्याभोवती फिरणारे मोठे कालुंदर दिसल्यास तेथे गळ टाकू नये. आईबाप गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. चोणक आधी नर असतो व वाढल्यावर मादी होतो. म्हणून लहान चोणक धरल्यास पुढची मादी जाते. हाताच्या तळव्याहून लहान कालुंदर आणि हातभर लांबीपेक्षा लहान चोणक ओल्या हाताने धरून सोडावेत. कुटुंबाच्या दोन वेळच्या जेवणास पुरतील इतके मासे मिळाले की गळ गुंडाळावा. ताज्या माशाच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलांच्या ताटात त्याचे मोल मोठे आहे.

धरलेला मासा तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक घाव घालून मारावा व ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवावा.

सावधगिरी

शिंगटीच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे विषारी असतात. काटा लागल्यास जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावी व दवाखान्यात जावे. पायास जखम असताना चिखलात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तेरेखोल नदीच्या वरच्या अंगास, बांदा-इन्सुली परिसरात, मगरींचा वावर आहे. तेथे पाण्याच्या कडेस बसू नये. तिलारी प्रकल्पाच्या अस्तर लावलेल्या कालव्यांचे उतार गुळगुळीत असतात. आत पडलेल्या मनुष्यास वर चढता येत नाही. लहान मुलांस अशा ठिकाणी नेऊ नये.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

हा पाठ उघाडीपाशीच, भांगाच्या दिवशी, दहा-पंधरा शेतकऱ्यांसमवेत घ्यावा. प्रथम दाराचे काम दाखवावे आणि मगच गळ. जे हात दारात दगड अडकवतात त्यांच्याच हाती काठी दिल्यास उपदेशाची गरज कमी पडते. शेवटी पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

१. आज तिथी कोणती? पूर्ण भरती किती वाजता येईल?
२. आपल्या उघाडीचे दार पूर्ण मिटते काय? मिटत नसल्यास कारण काय?
३. गेल्या वर्षी चरात विष टाकले गेले काय? त्यानंतर कोणते मासे दिसेनासे झाले?
४. पावसाळ्यापूर्वी बांधाच्या कोणत्या जागा दुरुस्त केल्या पाहिजेत व ते काम कोण करील?