ट्रॅक्टरचा हूक, लिंकेज आणि मिस्त्रीचे बिल

उसाची ट्रॉली जोडण्याआधी किंवा उन्हाळी नांगरटीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूसाठी एक तास काढा. दुखणे पिनेत असते तोवर खर्च शंभराच्या आत असतो. ते हाउसिंगपर्यंत पोचले की बिल पाच आकडी होते.

घरीच काय तपासाल?
अवजार जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. लोअर लिंकच्या टोकांचे बॉल हाताने हलवा. खडखडले तर झिजलेत. टॉप लिंकचे आटे बघा. दोन्ही चेक चेन सारख्या ताणलेल्या हव्यात. हुकाच्या प्रत्येक बोल्टाला पाना लावा, कारण सैल बोल्ट हाउसिंगमधले आटे खातो. लिफ्टची परीक्षा सोपी आहे: अवजार उचला, इंजिन बंद करा, उंचीची खूण काठीवर करा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मापा. बरेच खाली उतरले असेल तर सील किंवा व्हॉल्व्हमधून तेल सुटते आहे. या वेळात अवजाराखाली कोणीही जायचे नाही.

मोडते कशाने?
नांगर मातीत असताना वळण घेतल्याने. रोटाव्हेटर टेकलेला असताना ट्रॅक्टर मागे घेतल्याने. चेन ढिल्या ठेवून रस्त्याने पळवल्याने. आणि चुकीच्या पिनेने. लोअर लिंकची पिन लिंकेजच्या पहिल्या वर्गात (कॅटेगरी १) २२ मिमी, दुसऱ्या वर्गात २८ मिमी असते. २८ च्या बॉलमध्ये २२ ची पिन बसवायचीच असेल तर मधे बुश घाला. अडकलेले वाहन किंवा ट्रॉली हुकालाच जोडा. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओढाल तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो.

किती पैसे, किती वेळ?
३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी हा ढोबळ अंदाज. कंपनी आणि गावाप्रमाणे फरक पडेल. लिंच पिन १५ ते ५० रुपये. टॉप लिंक हजार ते दोन हजार. एक लोअर लिंक दीड ते साडेतीन हजार. बदलायला अर्धा तास. लिफ्ट उघडून सील बदलणे मजुरीसह तीन ते सहा हजार, एक दिवस. हाउसिंग फुटली तर तीन-चार दिवस ट्रॅक्टर उभा, वर भाडे बुडाले ते वेगळे.

बिलात लपलेले काय?
पहिले, तेल. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. तीसेक लिटर बदलायचे तर सुट्या भागापेक्षा तेलच महाग पडते. सांगितलेल्या रकमेत तेल धरले आहे का, हे आधी विचारा. दुसरे, शेतावर येण्याचे पैसे. ते मिस्त्री निघण्यापूर्वी ठरवा. तिसरे, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या भागांवर आणि ट्रान्समिशन हाउसिंगवर १८ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. मजुरीवर मात्र १८. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर दुकानदाराला हा कर घेताच येत नाही. पाकिटावरच्या छापील किमतीत कर धरलेलाच असतो.

वाकलेली लिंक तापवून सरळ करून देतो, असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. तिथेच ती पुन्हा वाकते. हाउसिंग बिडाची असते. साध्या वेल्डिंगने शिवलेली भेग ओझ्याखाली पुन्हा उघडते आणि तेवढे पैसे दोनदा जातात. ट्रॅक्टरवर कुठेही वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या वायरी सोडवा.

कोणते कागद?
सुट्या भागासाठी चेसिस क्रमांक आणि मॉडेल. वॉरंटीसाठी पुस्तिका आणि सर्व्हिसच्या नोंदी; बाहेरून वेल्ड केलेल्या हुकामुळे दावा अडकू शकतो. विमा झीज किंवा यांत्रिक बिघाड भरून देत नाही. अपघात झाला असेल आणि पॉलिसी सर्वसमावेशक असेल, तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काहीही उघडू नका.

भाग, तेल, मजुरी अशी वेगवेगळी नोंद असलेले बिल घ्या आणि जुने भाग परत मागा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. शेवटी, दोन जादा लिंच पिना टूलबॉक्समध्ये टाका. रात्री फडात पिनेच्या जागी सळई ठोकायची वेळ येणार नाही.