पडद्यावरून बोटांचा धडा

मुलांनो, तुम्ही रोज दोन दिशांनी लिहिता. उर्दूच्या तासाला तुमचा हात उजवीकडून डावीकडे जातो. मराठीचा तास सुरू झाला, की तोच हात डावीकडून उजवीकडे जाऊ लागतो. तुम्हांला त्याचे काही वाटतही नाही. पण ज्यांना दिसत नाही, अशी तुमच्या वयाची मुले एकच ओळ एका दिशेने लिहितात आणि दुसऱ्या दिशेने वाचतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

ही मुले ब्रेल लिपी वापरतात. फ्रान्समधील लुई ब्रेल लहानपणीच आंधळा झाला. 1824 साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने ही लिपी तयार केली. तिच्यात शाई नाही. सहा ठिपक्यांची एक चौकट असते. डावीकडे वरपासून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. यांतील काही ठिपके कागदावर उठवायचे आणि बोटाने चाचपून वाचायचे. 1 आणि 2 हे दोन ठिपके उठवले, की मराठीतला ‘ब’ होतो. उर्दूतला ‘बे’सुद्धा याच दोन ठिपक्यांचा आहे. आणखी एक गंमत पाहा. छापील उर्दू उजवीकडून वाचतात. पण ब्रेलमधली उर्दू मराठीप्रमाणेच डावीकडून वाचतात.

लिहिताना मात्र उलटे होते. जाड कागद ब्रेल पाटीत अडकवतात आणि टोकदार स्टायलसने ठिपके टोचतात. ठिपका खालच्या बाजूला उठतो. म्हणून लिहिणाऱ्याला उजवीकडून सुरुवात करावी लागते, आणि प्रत्येक अक्षरही आरशातल्यासारखे उलटे टोचावे लागते. मग कागद काढून उलटला, की ओळ सरळ वाचता येते. तुमच्या हाताला ही दिशा चांगली ओळखीची आहे!

आता ही लिपी मुलांना शिकवायची, तर आधी शिक्षकांना यायला हवी. असे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था बहुधा मोठ्या शहरांत असतात. समजा, एका दूरच्या तालुक्यात एकच विशेष शिक्षक आहेत. चार गावांतल्या चार अंध मुलांना ते आळीपाळीने शिकवतात. हे गुरुजी महिनाभर शहरात प्रशिक्षणाला गेले, तर त्या चौघांचे काय? डोळस मुलाचे गुरुजी रजेवर गेले, तर ते मूल निदान पुस्तक उघडून बसते. या मुलांचे पुस्तकच अजून त्यांच्या बोटांना उलगडलेले नसते.

म्हणून दूरदृश्य बैठकीचा, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा, उपयोग होऊ लागला. शहरातल्या बाई आणि गावातले गुरुजी एकमेकांना पडद्यावर पाहतात, बोलतात, प्रश्न विचारतात. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर अनेक ठिकाणची शिक्षकांची प्रशिक्षणे पडद्यावरच झाली.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात काय होते, ते पाहा.

बाई कॅमेऱ्यासमोर बसतात. पाटी टेबलावर ठेवून त्या उजवीकडून डावीकडे ठिपके टोचतात. गुरुजी मात्र त्यांना समोरून पाहत आहेत. समोर बसलेल्या माणसाची उजवी बाजू ही आपली डावी बाजू असते ना? त्यामुळे गुरुजींना बाईंचा हात डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. ते तसेच करू लागतात. बाईंना आपली चूक कळत नाही. कारण आपले स्वतःचे चित्र बहुधा आपल्याला आरशातल्यासारखे उलटे दाखवले जाते. बाईंच्या पडद्यावर सारे ठीक दिसते आणि गुरुजींच्या पडद्यावर सारे उलटे!

एवढ्याने काय बिघडते, असे म्हणू नका. ब्रेलमध्ये ‘ए’ म्हणजे 1 आणि 5, तर ‘इ’ म्हणजे 2 आणि 4. ‘ए’ आरशात पाहिला, की त्याचा ‘इ’ होतो. ‘देवा’ लिहायला बसलेल्या मुलाने हे एक अक्षर उलटे टोचले, तर कागदावर ‘दिवा’ उमटतो. गुरुजी उलटे शिकले, की ती चारही मुले उलटे शिकणार. आणि बोटांना एकदा लागलेली सवय मोडणे फार कठीण असते.

यावर उपाय साधा आहे. कॅमेरा समोर न ठेवता बाईंच्या खांद्यामागून, वरून हातांकडे वळवायचा. मग बाईंचे हात जणू गुरुजींचेच हात होतात. धातूचे खिळे बसवून गणित करण्याची टेलर फ्रेम शिकवतानाही असेच करावे लागते. तिच्या भोकात एकच खिळा आठ दिशांनी बसतो आणि दिशेप्रमाणे त्याचा अंक बदलतो. एवढासा खिळा लांबून कोणाला दिसणार?

कितीही चांगला कॅमेरा असला, तरी पडद्यावरचा ठिपका बोटाला लागत नाही. म्हणून ब्रेलचे कागद आधीच टपालाने पाठवतात. अंधांसाठीच्या अशा साहित्याला साध्या टपालाने खर्च पडत नाही. मग बाई म्हणतात, “तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा,” आणि दोन गावांत दोन बोटे एकाच अक्षरावर थांबतात. टपालाची ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत विल्यम हॅडली नावाच्या शिक्षकाची दृष्टी उतारवयात गेली. 1920 साली त्यांनी टपालाने ब्रेल शिकवणारी शाळा काढली. त्यांची पहिली विद्यार्थिनी कॅन्ससमधील एक शेतकरी स्त्री होती. ती आणि तिचे शिक्षक यांच्यात पडदाही नव्हता. होते ते फक्त पाकीट.

पडद्यावर सर्वांत जास्त चुकते ते बोलणे. “हे इथून असे घ्या, मग असे फिरवा,” असे आपण सहज म्हणतो. अंधांना शिकवणारे अनेक शिक्षक स्वतः अंध असतात. त्यांना ‘इथून’ आणि ‘असे’ यांतून काय कळणार? बाईंनी म्हणायला हवे, “डाव्या हाताच्या बोटाने चौकटीची वरची उजवी कड शोधा.” असे बोलले, की अंध शिक्षकाला कळते आणि डोळस शिक्षकालाही नीट कळते. शिवाय नेट मंद झाले, तर चित्र बंद करून नुसत्या आवाजावरही तास पुढे चालतो. उद्या वर्गात गुरुजींना त्या मुलांशी असेच बोलायचे आहे. ही सवय त्यांना नकळत या तासातच लागते, आणि माझ्या मते प्रशिक्षणाची खरी कमाई हीच.

पांढऱ्या काठीचे मात्र वेगळे आहे. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचे टोक डावीकडे टेकायचे, आणि डावा पाय पुढे पडतो तेव्हा उजवीकडे, हे पडद्यावर दाखवता येते. पण गुरुजी डोळ्यांवर पट्टी बांधून रस्त्यावर उतरले, की त्यांच्या शेजारी जिवंत माणूसच हवा. तेवढ्या भागासाठी तरी बाईंनी गावी यावे किंवा गुरुजींनी शहरात जावे.

आता एक खेळ करा. मित्राला डोळे मिटायला सांगा. त्याच्या बुटाच्या दोन्ही नाड्या सोडा आणि हात न लावता, केवळ शब्दांनी, त्याला त्या बांधायला शिकवा. ‘असे’ आणि ‘इथे’ हे शब्द वापरायचे नाहीत. किती वेळ लागतो, ते मोजा.

स्वाध्याय
1. गुरुजींना बाईंचा हात उलट दिशेने जाताना का दिसला? बाईंना ही चूक का कळली नाही?
2. उर्दू लिहिणे, उर्दू ब्रेल लिहिणे आणि उर्दू ब्रेल वाचणे यांच्या दिशा सांगा.
3. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट डोळे मिटलेल्या माणसाला कळेल, अशा आठ वाक्यांत लिहा.