फ्लॅट सोडायचाय? आधी अॅग्रीमेंट वाचा!

थर्ड इयरला आलं की हॉस्टेलमधले बरेच जण तिघं-चौघं मिळून बाहेर फ्लॅट घेतात. पहिले दोन महिने मजेत जातात. मग घरमालकांची कटकट सुरू होते. रात्री पाणी बंद, मित्र आले की बोलणी, कधी तर न विचारता स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत! शेवटी पोरं वैतागतात, बॅगा भरतात आणि चालू पडतात. डिपॉझिट मात्र मागेच राहतं. घरून आणलेले तीस-चाळीस हजार असे सोडून देण्याआधी महाराष्ट्रातला कायदा काय म्हणतो, ते पाहूया.

करार कसला असतो?
आपण सही करतो तो बहुतेक वेळा ११ महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असतो. यात जागेवर आपला हक्क तयार होत नाही, फक्त राहण्याची परवानगी मिळते. ‘११ महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही’ हा मोठाच गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

मध्येच सोडता येतो का?
करारातली दोन कलमं शोधा: नोटीस पीरियड आणि लॉक-इन. लॉक-इन संपला असेल तर ठरलेली नोटीस देऊन निघता येतं. समजा लॉक-इन ६ महिन्यांचा आहे आणि तुम्ही चौथ्या महिन्याअखेर निघालात, तर मालक दोन महिन्यांचं भाडं मागेल. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. पुढच्याच महिन्यात नवीन भाडेकरू आला, तर ‘दोन महिन्यांचं नुकसान झालं’ हे म्हणणं टिकणं अवघड.

उलट, तुमची चूक नसताना मालकानेच मुदतीआधी बाहेर काढलं, तर इझमेंट्स अॅक्ट, १८८२ च्या कलम ६४ प्रमाणे तुम्ही भरपाई मागू शकता.

निघताना काय करायचं?
१. त्रास काय आहे ते तारखेसह लेखी कळवा. तोंडी भांडणाचा पुरावा उरत नाही.
२. नोटीस लेखी द्या, पोच घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.
३. भिंती, नळ, पंखे आणि लाइटच्या मीटरचे फोटो काढा.
४. ‘शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या’ हे परस्पर ठरवू नका. मालकाची लेखी संमती घ्या.
५. किल्ली दिल्याची तारीख आणि परत मिळणारी रक्कम कागदावर घ्या.
६. करारावर सगळ्या रूममेट्सच्या सह्या असतील, तर नोटिशीवरही सगळ्यांच्या हव्यात. एकटाच निघून गेला की भुर्दंड बाकीच्यांवर येतो.

थोडक्यात काय, मालक खडूस असला तरी राग आपण कागदावर उतरवायचा, दारावर नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण फाइल किती काळजीने लावतो! तेवढीच काळजी या चार कागदांची घेतली, तर आई-बाबांचे पैसे परत मागायला आपल्या हातात काहीतरी असेल.