वीज गेल्यावर चालणारे घड्याळ

खानदेशात ‘लाईट गयी’ हे शब्द लहान मुलांच्याही तोंडी असतात. परंतु महिन्यात ती किती वेळा आणि एकूण किती तास गेली, असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. जळगावात आमची आई विजेच्या मोटारीवरील शिलाई यंत्रावर कपडे शिवते. त्या मजुरीतून माझी फी भरली जाते. तेव्हा हा हिशेब ठेवणे मला अगत्याचे वाटले.

साहित्य थोडे आहे : मोबाइलचा जुना चार्जर, पाच व्होल्टचा रिले आणि सेलवर चालणारे भिंतीवरचे घड्याळ. चार्जरची वीज रिलेच्या गुंडाळीस द्यावी. वीज असेपर्यंत गुंडाळी चुंबक बनून एका पट्टीस ओढून धरते. वीज जाताच पट्टी सुटून मागच्या टोकास चिकटते. घड्याळाच्या सेलची एक तार या पट्टीतून व टोकातून नेली, की ते वीज नसतानाच चालते. रोज रात्री ठरलेल्या वेळी वाचून काटे बारावर आणावेत. काटे तीनवर दिसले, तर तीन तास वीज नव्हती. चार्जर उघडावा लागत नाही, म्हणून २३० व्होल्टच्या तारांना हात लागत नाही.

मात्र वीज सहा वेळा पाच-पाच मिनिटे गेली काय किंवा एकदाच अर्धा तास गेली काय, घड्याळ अर्धा तासच दाखवते. शिवणाऱ्याचे काम मात्र सहा वेळा अडते. आईला लिहिता येत नाही, पण वीज गेली की ती वहीत एक रेघ ओढते. दुसरी उणीव अशी, की चार्जर कमी व्होल्टेजवरही चालतो. मोटार रखडते, पण घड्याळास ते कळत नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने घरोघरी यंत्रे बसवून मिनिटामिनिटाचे व्होल्टेज नोंदवले, ते याचसाठी महत्त्वाचे.

वीज कायदा, २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेची मानके व ती न पाळल्यास भरपाई यांची तरतूद आहे. ग्राहक हक्क नियम, २०२० मध्येही ‘किती वेळा’ आणि ‘किती वेळ’ हीच दोन मापे धरली आहेत. म्हणजे आईच्या रेघा आणि आमचे घड्याळ मिळून कायद्याचीच भाषा बोलतात.

धुळ्यास मामांकडेही असेच घड्याळ लावले आहे. ‘लाईट सारखी जाते’ या तक्रारीस ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते. तारीख, वेळा आणि मिनिटे लिहिलेल्या अर्जाची मात्र पोच मागता येते.