तारीख खरी सांगायची

पनवेल

चि. सोनूस,


ताईचा फोन आला होता. तुला विमानतळांच्या प्रकल्प व्यवस्थापनात जायचंय, आणि त्यासाठी सिव्हिलचं तिसरं वर्ष सोडून एका वर्षाचा 'एव्हिएशन मॅनेजमेंट'चा डिप्लोमा करावा, असं कुणीतरी तुझ्या मनात भरवलंय म्हणे. डिग्री सोडू नकोस. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. असल्या डिप्लोमांत बहुतेक करून तिकीट, चेक-इन आणि प्रवाशांशी बोलणं शिकवतात. तेही मानाचं काम आहे, पण तू मागतेस ते हे नाही.

तू मागतेस ते काम कसं असतं, ते आमच्या दाराशीच बघ. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ साली मिळाली. पर्यावरणाची परवानगी नोव्हेंबर २०१० मध्ये आली, भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं उडाली २५ डिसेंबरला. अठरा वर्षं! येणारेजाणारे टर्मिनलची कमळासारखी रचना पाहून हरखतात. मला त्याच्या आधीची वर्षं दिसतात. उलव्याची टेकडी फोडायची होती, उलवे नदीचं पात्र वळवायचं होतं, अतिउच्च दाबाच्या वीजवाहिन्या हलवायच्या होत्या, दहा गावं उठवून दुसरीकडे वसवायची होती. आणि यातलं कुठलंच काम सुटं नव्हतं. वस्ती हलली नाही तर तिच्याशेजारी सुरुंग लावता येत नाहीत. टेकडी फुटली नाही तर भराव कशाचा घालणार? पप्पांना लूमचं विचार, ताण्याचा बीम चढला नसेल तर कारखान्यात बाण्याचं सूत कितीही येऊन पडो, लूम उभाच राहतो. कोणत्या कामावाचून कोणतं काम अडेल, हे सहा महिने आधी ओळखणं म्हणजेच हा पेशा. सॉफ्टवेअर त्याचं चित्र काढून देतं, ओळखावं आपल्यालाच लागतं.

त्या गावांचं आणखी थोडं सांगतो, कारण पुस्तकात ते तुला भेटणार नाही. या पट्ट्यातल्या आगरी-कोळ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. विमानतळाला दिबांचं नाव हवं म्हणून २०२१ साली हजारो माणसं रस्त्यावर उतरली, ती उगाच नाही. हे ठाऊक नसलेला अधिकारी गावात मोजणीला गेला, तर त्याला लोकांचा राग दिसेल, कारण दिसणार नाही. तू कुठेही जा, आधी त्या जमिनीची गोष्ट ऐकून घे.

दुसरी गोष्ट धैर्याची. बर्लिनचा नवा विमानतळ ३ जून २०१२ ला उघडायचा होता. चार आठवडेही उरले नव्हते तेव्हा उद्घाटन रद्द झालं, कारण आगीत धूर बाहेर काढणारी यंत्रणाच तयार नव्हती. दारं हाताने उघडायला माणसं उभी करू, इथपर्यंत विचार गेला होता. शेवटी तो उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. जर्मनीसारख्या देशात हे झालं, त्याचं एक कारण म्हणजे वाईट बातमी वरपर्यंत वेळेवर गेली नाही. तुझ्यावर असा दिवस येईल. मंत्र्यांच्या हस्ते फीत कापायची तारीख ठरलेली असेल आणि तुझ्या कागदांवर काम तीन महिने मागे दिसेल. तेव्हा तीन महिने म्हणजे तीनच महिने म्हणायचं, तेही लेखी. माणसं रागावतील. रागावू देत.

तुझ्या बमरोलीजवळच्या सुरत विमानतळाचंच घे. वेसूकडच्या उंच इमारती उड्डाणमार्गात येतात, यावरचा वाद गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. ते खटले शोधून वाच. उंचीची परवानगी कोण देतं, किती देतं, चूक कुठे शिरते, हे त्यातून कळेल. सुरतेत राहून हे शिकायची संधी तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही.

आता वाट. डिग्री पूर्ण कर आणि गेटची तयारी आजपासून सुरू कर. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने सिव्हिलच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह पदांची भरती गेटच्या गुणांवर केलेली आहे. ते जमलं नाही तर एखाद्या कंत्राटदाराकडे साइटवर लाग. पहिली तीन-चार वर्षं ऊन, धूळ आणि रोजच्या प्रगतीचे तक्ते. कामांचं वेळापत्रक आखणारं प्रायमाव्हेरा सॉफ्टवेअर तिथेच हाताला बसेल. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची घाई नको, पदवी असली तरी प्रकल्प हाताळल्याचा छत्तीस महिन्यांचा अनुभव असल्याशिवाय त्या परीक्षेला बसताच येत नाही. बडोद्याकडेही लक्ष ठेव. तिथे टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. हवाई दलाच्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० तिथे बांधायची आहेत. विमानं बांधणं हासुद्धा प्रकल्पच, आणि उधन्याहून गाडीने दोन-अडीच तासांवर.

ताईला साइटवर मुलगी एकटी कशी राहील याची काळजी आहे. ती खोटी नाही. नोकरी घेताना राहण्याची सोय, रात्रपाळीची गाडी आणि तक्रार समिती या तीन गोष्टी नेमणुकीच्या पत्रात मागून घे, लाजू नकोस. मी तिच्याशी रविवारी बोलतो. त्या डिप्लोमाचं माहितीपत्रक तोवर मला पाठव, आणि आगाऊ पैसे भरले असशील तर पावतीही जोड.

तुझा,
मामा