घराची स्वच्छता आणि विनयाची शिकवण

दीपनगरात आपण कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या शेजारी राहतो. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी पुन्हा राखेचा थर दिसतो. म्हणून आपल्याकडे स्वच्छता ही सणापुरती बाब नसून रोजची आहे.

विनयपिटकातील महावग्गात विहार झाडण्याची रीत दिली आहे. आधी सामान बाहेर काढावे, वरची जळमटे काढावीत. कच्ची जमीन पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडत नाही. पक्की जमीन ओल्या फडक्याने पुसावी. ज्या दिशेने धुळीचा वारा येतो, तिकडची खिडकी लावावी. राखेलाही हेच लागू पडते. कोरड्या झाडूने बारीक राख उडते व श्वासावाटे लहान मुलांच्या छातीत जाते. ओल्या फडक्याला ती चिकटते.

हे काम कोणाचे? शिष्याने उपाध्यायांचा विहार झाडावा. शिष्य आजारी असेल तर उपाध्यायांनी त्याच्यासाठी तेच करावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे झाडू हे हलकेपणाचे लक्षण नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भगिनींना स्वच्छतेचा व मुलांना शिकविण्याचा उपदेश केला. भगिनींनी तो पाळला. आता पाळी आम्हा पुरुषांची आणि विद्यार्थ्यांची आहे. आई कामावरून थकून येण्यापूर्वी आपले अंथरूण, पुस्तके व खिडकी आपणच स्वच्छ करावी. अभ्यासाची सुरुवात तेथूनच व्हावी.