दुबईत जन्मलेल्या लेकीचे भारतीय कागद

माझी लेक दुबईत जन्मली. आम्ही दोघे भारतीय, माहेर-सासर दोन्ही मुंबईत, दहिसरला. परदेशी आई-बापांच्या मुलाला तिथे जन्मला म्हणून अमिरातीचे नागरिकत्व मिळत नाही. तिला देश मिळणार तो आमच्याकडूनच. आखातात बाळंतपण होणाऱ्या ओळखीच्या मुली विचारतात, त्यांच्यासाठी हे.

१. आई-बाप भारतीय म्हणजे बाळ आपोआप भारतीय, असे धरून चालू नका. ३ डिसेंबर २००४पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते. नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. तान्ह्या बाळापाठी वर्ष कसे सरते कळत नाही, म्हणून जन्मदाखला हाती येताच कामाला लागा.

२. नाव आधीच ठरवून ठेवा. आत्या बारशाला कानात सांगेल तेव्हा सांगेल, दाखल्याला नाव लवकर लागते. तिथला दाखला अरबीतही असतो आणि अरबीत 'प' आणि 'च' ही अक्षरेच नाहीत. त्यामुळे बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आईचे पासपोर्टवरचे नाव, सगळे अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पासपोर्टपासून शाळेपर्यंत हाच दाखला चालणार आहे.

३. वकिलातीतल्या अर्जात बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते. माझ्या नणंदेचे बाळ अमेरिकेत जन्मले, त्याचा तिथला पासपोर्ट निघाला. त्याला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घेतले. ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. एखाद्या मुलाकडे जन्मामुळे दोन्ही नागरिकत्वे असतील, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी सोडावे लागते. नाहीतर भारतीय जाते.

४. "इथे दहिसरला, पालिकेच्या आर-उत्तर वॉर्डात नोंदवू की," असे सासरे म्हणाले होते. वकिलातीत नोंद झाली नसेल आणि आई-बाप कायमचे परतले, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने तशी नोंद होते. पण ती जन्माची. नागरिकत्वाची गरज तिने भागत नाही.

५. आई-बापांपैकी फक्त आई भारतीय असली तरी चालते. १० डिसेंबर १९९२च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला फक्त वडिलांकडून नागरिकत्व मिळे. जिने पोटात वाढवले तिचा देश कायदा मोजतच नव्हता. याची मला आजही चीड येते. नवरा परदेशी असलेल्या मुलींनो, बाळाचा दुसरा पासपोर्ट काढण्याआधी वकिलातीत जा आणि स्वतःच्या हक्काने अर्ज मागा.